वासाने चप्पल काढली का?

गिरगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात मी काही वर्षं नोकरी केली. गिऱ्हाइकाकडून मजकूर घ्यायचा, कॉम्प्युटरवर टाइप करायचा, नमुना काढून द्यायचा. राहायला आम्ही लालबागला, चाळीत. घरात मी एकटीच लिहिणारी. आईला वाटायचं, मी ऑफिसचं काम घरी आणते. मी कथा लिहीत असे.

दुकानात नमुने तपासायला एक बाई येत. वय साठीच्या पुढे, कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. सगळं आयुष्य त्यांनी छापखान्यांतून मुद्रितं तपासली होती. पहिल्याच दिवशी माझ्या पत्रिकेतल्या 'शुभआशिर्वाद'वर त्यांनी पेन्सिल टेकवली आणि म्हणाल्या, "शुभाशीर्वाद. शी दीर्घ. लोकांचा संसार आहे गं, ऱ्हस्वात नको उरकूस."

मला हसू आलं आणि त्या आवडल्या.

पुढे एका मासिकाने माझी कथा परत पाठवली. सोबत एवढंच होतं: कथा चांगली आहे, भाषेवर मेहनत घ्या. मेहनत घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणाला विचारणार? जेवणाच्या सुट्टीत मी ती पानं बाईंपुढे ठेवली. डबा बाजूला सारून त्यांनी तिथेच वाचायला घेतली.

"तुझ्या बाईला किल्ली भेटते, बस भेटते, पगारसुद्धा भेटतो," त्या म्हणाल्या. "आणि शाळेतली मैत्रीण मात्र मिळाली. का गं, रस्त्यात पडली होती?"

"आमच्याकडे असंच बोलतात."

"बोलू देत की. तुला दुसरं माहीत आहे का, ते सांग."

नव्हतं माहीत. म्हणजे कानावर पडलेलं होतं, पण फरक आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

"रविवारी ये माझ्या घरी, फणसवाडीत," त्या म्हणाल्या. "सकाळी ये. दुपारी मी झोपते."

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मधोमध लोखंडी खाट, भिंतीला पुस्तकांचं कपाट, गॅलरीत तुळस आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. खाली फुलवाल्याची हाक चालू असायची. पहिल्या रविवारी मी दारातूनच म्हणाले, "बाई, मी आली."

"कोण आली?"

"मी."

"मग 'आले' म्हण. आली ती कोणीतरी दुसरी."

व्याकरणाचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. माझाच एखादा परिच्छेद घ्यायच्या, मला मोठ्याने वाचायला लावायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. जिथे मला दम लागे, तिथे त्यांचं बोट वर होई. एकदा मी वाचलं, "चप्पल काढून घरात वरणाचा वास आला."

त्यांनी डोळे उघडले. "वासाने चप्पल काढली का?"

मी इतकी हसले की शेजारची बाई गॅलरीतून डोकावली. पण घरी जाताना वाटलं, माझ्या जुन्या कथांमध्ये अशा किती वासांनी चपला काढल्या असतील! रात्रीपर्यंत थांबवेना, लालबागला उतरताच नाक्यावरच्या हॉटेलात चहा मागवून मी पिशवीतली सगळी पानं पुन्हा वाचली. चुका आता आपोआप दिसायला लागल्या होत्या.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं. एका संध्याकाळी मी "मी आले" म्हणत आत शिरले, तशी आई पोळ्या लाटता लाटता थांबली.

"आता आमच्यासारखं बोलायला पण लाज वाटते का गं तुला?"

आईचं बोलणं मी आयुष्यात कधी खोडलं नव्हतं. तरी ती दुखावली होती. पुढच्या रविवारी मी बाईंना सांगितलं, की मला हे शिकायचं नाही. त्यांनी माझी पानं माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "तुझ्या कथेत आई बोलते, त्या ओळींना मी कधी पेन्सिल लावली?"

मी पानं उलटून पाहिली. खरंच लावली नव्हती. एकाही ठिकाणी नाही.

"ती बोलते ते तिचं आहे. कथा सांगतेस ती तू. दोन्ही आवाज तुझ्या हातात असायला हवेत, एवढंच माझं म्हणणं. घरी तू 'आली'च म्हण."

मी घरी पुन्हा 'आली'च म्हणू लागले. आजही म्हणते. कथा पुन्हा लिहिली, त्याच मासिकाकडे पाठवली आणि ती छापून आली. आईने ती मला वाचून दाखवायला लावली. स्वतःचं बोलणं ऐकून पदराने तोंड झाकून हसत बसली.

नंतर मी दुकान सोडलं, संपादनाचं काम धरलं, पुस्तकं झाली. रविवार कमी होत गेले, पण बंद पडले नाहीत. मग एके सकाळी बाईंच्या भाच्याचा फोन आला. बाईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हातपाय वाचले होते, बोलणं अडखळत होतं.

मी गेले तेव्हा त्या खाटेवर बसल्या होत्या. मला पाहून चेहरा उजळला.

"ये. चहा... झाली?"

आणि गप्प झाल्या. स्वतःची चूक त्यांना ऐकू आली होती. "झाली नाही. ती चहा... ते..." शब्द सापडत होते, पण तो, ती, ते यांची सगळी सरमिसळ झाली होती.

"बाई, मला कळलं," मी म्हणाले.

"कळलं म्हणजे बरोबर?" त्या एकदम चिडल्या. "सांग! तू सांग!"

"चहा झाला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकवेना.

त्या दिवसापासून रविवार पुन्हा नियमाने सुरू झाले. वाचा सुधारायला एक मुलगी येत असे, तिने सांगितलेले सराव आम्ही करायचो. खोलीतल्या वस्तूंकडे मी बोट दाखवायचे. तो दिवा. ती खिडकी. ते कपाट. बाई म्हणायच्या, चुकायच्या, मुठी आवळायच्या. कधी रागावून भिंतीकडे तोंड करून बसायच्या, मग मी खाली जाऊन गरम बटाटवडे आणायचे. हळूहळू बरंच परत आलं. सगळं नाही आलं. थकल्या की लिंग चुकायचं, आणि चुकलं की त्या मधेच वाक्य सोडून द्यायच्या. दोन शब्दांपलीकडे बोलायचंच टाळू लागल्या. मला त्याचंच जास्त वाईट वाटे.

यंदा बाईंची चाळ पुनर्विकासाला गेली. पुस्तकं खोक्यांत भरताना त्या प्रत्येक पुस्तकावरून हात फिरवत होत्या. भाच्याने त्यांना बदलापूरला नेलं. फणसवाडीच्या तोंडाशी आता पत्रे लावले आहेत. त्या बाजूला काम निघालं तरी मी पुढच्या गल्लीने वळते.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. आपणहून, पहिल्यांदाच.

"इथे समोर डोंगर दिसते," त्या म्हणाल्या.

मी श्वास रोखला. पलीकडे त्याही क्षणभर थांबल्या.

"सकाळी त्याच्यावर ढग उतरते. मग काहीच दिसत नाही. मग हळूच झाडं दिसायला लागतात, आधी वरची, मग खालची. शेजारची पोरं ओरडतात. मी खुर्ची बाहेर टाकून बसते..."

त्या बोलत राहिल्या. मी खिडकीशी उभी राहून ऐकत राहिले.