दादानं नीट केलेलं हेल्मेट

लोक मला आता रस्त्यात गाठून विचारतात, सायकलवर हेल्मेट घालून खरंच काही उपयोग होतो का हो, तुमच्या ह्यांनी तर घातलं होतं ना? आधी मी नीट उत्तर द्यायचे. आता देत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, न घालायला निमित्त हवं असतं. पण एकदाचं सगळं सांगून टाकते. त्यासाठी आधी दादाचं सांगायला हवं.

दादा माझा थोरला भाऊ. चौकातून डावीकडे वळलं की तिसरं दुकान त्याचं, सायकल दुरुस्तीचं. आईवडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो एकोणीसचा. त्यानं मला वाढवलं, शिवण शिकायला पाठवलं, माझं लग्न लावून दिलं, आणि ह्या धावपळीत स्वतःचं करायचं राहून गेलं. ते तो हसत सांगतो. मला काही हसू येत नाही.

दादाचं वेड एकच, वस्तू टाकायची नाही. कुणी मोडकं पॅडल घेऊन आला आणि म्हणाला नवीन टाका, की ह्याचं तोंड उतरायचं. नवीन काय, कुणीही बसवेल, म्हणायचा. वाकडी रिम, फाटकी सीट, चेपलेला मडगार्ड, काहीही आणा, तो घेऊन बसणार. माझं शाळेचं दप्तर फाटलं तेव्हा त्यानं त्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली. वर्गातल्या मुली खिदळायच्या, पण दप्तर सहा वर्षं टिकलं. त्याच्या घरात अजून एक खुर्ची आहे, तिचे चारही पाय चार वेगवेगळ्या खुर्च्यांचे. पाहुणा जरा जपून बसतो, एवढंच.

आमचे हे पोस्टमन. सव्वीस वर्षं एकच भाग, चारशेच्या वर दारं. कुठल्या घरचा कुत्रा चावतो, कुठल्या आजीला पत्र वाचून दाखवावं लागतं, कुठल्या मुलाचं पत्र बापाच्या हातात द्यायचं नाही, सगळं डोक्यात. वही नाही, चिठ्ठी नाही. घरी कमी बोलायचे, पण ऑफिसात कुणाचा पत्ता अर्धवट आला की आधी ह्यांना हाक मारायचे.

एका वर्षी ऑफिसानं सगळ्यांना हेल्मेटं दिली. ह्यांच्यासाठी वरून आलेला कागद म्हणजे कागद, दुसऱ्या दिवसापासून घालायला लागले. दादानं बघितलं आणि पोट धरून हसला. "दाजी, टोपलं पालथं घालून कुठं निघालात?" म्हणाला. मग ते हातात घेऊन आत टिचकी मारली. आत थर्माकोलच की, टीव्हीच्या खोक्यात येतो तसलाच, ह्यानं काय डोकं वाचणार कपाळ! हे नेहमीसारखे ते घालून निघून गेले.

त्यानंतर तीन महिन्यांत ते घडलं. कडेला उभ्या असलेल्या मोटारीतल्या माणसानं मागं न बघता दार उघडलं. हे दारावरून उडाले आणि फुटपाथच्या कडेवर डोक्यानं आपटले. समोरचा फळवाला सांगत होता, आवाज असा आला की त्यानं डोळेच मिटून घेतले. हे आपले उठले, रस्त्यावरची पत्रं गोळा केली, मोजली आणि मग खाली बसले. खांद्याचं हाड मोडलं होतं. डोक्याला साधं टेंगूळही नव्हतं. हेल्मेट मात्र कानापासून माथ्यापर्यंत तडकलं होतं आणि आतला फोम एका जागी चेपून निम्मा झाला होता.

दादा दवाखान्यात ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि रडला. आईवडील गेल्यावर मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून गडी पार बदलला. दुरुस्त केलेली सायकल न्यायला आलेल्याला आधी विचारायचा, हेल्मेट कुठंय? नसेल तर अर्धा तास भाषण. लोक कंटाळले, मी मात्र खूश होते. माझ्या नवऱ्याचं डोकं शाबूत होतं, मला आणखी काय हवं होतं?

इथपर्यंत सगळं बरं होतं. दुसऱ्या कुणीही ते फुटकं हेल्मेट कचऱ्यात टाकलं असतं. ऑफिस नवं देणारच होतं. पण दादाला ते सहन होईना. "ज्यानं जीव वाचवला ते फेकून देता?" असं म्हणून तो ते घेऊन गेला आणि आठ दिवस त्याच्यामागे लागला. दोन ट्यूबा एकत्र कालवून जो कडक गोंद होतो ना, तो त्यानं चिरेत भरला. आत फोम चेपून खळगा झाला होता, तोही त्याच गोंदानं काठोकाठ भरला. वाळल्यावर दगडासारखा झाला. आतून पत्र्याची पट्टी बसवली, वरून घासून निळा रंग दिला. आतली कापडी गादी मी शिवून दिली. माझाही हात लागलाय त्याला, ते लपवून काय करू?

आमच्या घरी आणून त्यानं हेल्मेट जमिनीवर पालथं ठेवलं आणि त्याच्यावर उभा राहिला. दादा चांगला नव्वद किलोचा आहे. हेल्मेट हललंसुद्धा नाही. "दाजी, आता हे कधी फुटायचं नाही," म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. हे तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले, नवं घेतलंच नाही. मग काय, गावभर झालं. ज्याचं ज्याचं आपटून तडकलेलं होतं तो घेऊन आला. सात जणांची दादानं नीट करून दिली, सगळी तशीच, सगळी निळी.

त्यानंतर चौदा महिन्यांनी हे दुसऱ्यांदा पडले. पडणं तरी काय, हसण्यासारखं. एका फाटकापाशी कुत्रा आडवा आला, ह्यांनी ब्रेक दाबला आणि कलंडले. माणूस चालतो तेवढा वेग. डोकं फाटकाच्या दगडी खांबावर आपटलं. हेल्मेटचा नुसता रंग खरवडला होता. आणि ह्यांनी एकोणीस दिवस डोळे उघडले नाहीत.

उघडले तेव्हा मला ओळखलं, दादाला ओळखलं. जीव भांड्यात पडला म्हणता म्हणता कळायला लागलं. पडण्याच्या आधीचं सगळं आहे, नंतरचं काही राहत नाही. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी गेलेलं असतं. चारशे दारं ओळीनं म्हणून दाखवतात, पण एका दारात पत्र टाकून सायकलवर बसेपर्यंत टाकलं की नाही ते आठवत नाही. ऑफिसानं घरी बसवलं. ते ह्यांना रोज सकाळी नव्यानं सांगावं लागतं. गणवेश घालून दारात बसतात आणि मलाच रागावतात, उशीर करतेस म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी ते हेल्मेट मागवून घेतलं होतं. आतून नख दाबून बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं? मी अभिमानानं सांगितलं, माझ्या भावानं. बाईंनी ते माझ्यासमोर उलटं धरलं. मग म्हणाल्या, "अहो, हे फुटायलाच केलेलं असतं. फोम चेपतो आणि तेवढ्या वेळात डोकं जरा सावकाश थांबतं. मार तो घेतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, नवं घ्यायचं. तुम्ही तिथं दगड भरलात." मी विचारलं, नवं असतं तर? त्या म्हणाल्या, एवढ्याशा पडण्यात बहुतेक काही झालं नसतं. ट्रकखाली गेल्यावर कुठलंच हेल्मेट पुरत नाही, पण हे असलं पडणं, ह्यासाठीच तर ते असतं.

मी घरी आले आणि दादाला काही बोलले नाही. कसं बोलणार? ज्यानं ठिगळं लावून मला वाढवलं त्याला कुठल्या तोंडानं सांगू की तूच हे केलंस? तो रोज येत होता, ह्यांची दाढी करून देत होता, बाहेर फिरवून आणत होता. सांगितलं तर हा माणूस खचेल, ह्याच भीतीनं मी तोंड शिवून घेतलं.

पण दादाचं तोंड सुरू होतं ना. त्यानं आपला अर्थ काढला. दुकानात येईल त्याला सांगायचा, दाजींनी घातलं होतं की नाही? हेल्मेटला ओरखडा नाही आणि माणूस कामातून गेला, सगळी फसवणूक आहे. लोकांना तेच हवं होतं. आधी ज्यांना त्यानं भाषणं देऊन हेल्मेट घालायला लावलं, त्यांनी ती काढून हँडलला लटकवली. ज्यांच्या डोक्यावर उरली, त्यांतली सात निळी. म्हणजे अर्धं गाव बोडकं आणि सात जण डोक्याला दगड बांधून फिरतायत, हे फक्त मला ठाऊक. आणि मी अडीच महिने गप्प. त्या सातांतली एक, कुरियरवाली मुलगी, निळं हेल्मेट घालून माझ्या खिडकीवरून जायची, आणि मी मान खाली घालून शिलाई मशीन चालवायचे. लाज वाटते सांगताना, पण तसंच करायचे.

मग एका दुपारी ती माझ्याच दारात घसरली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. डोकं पायरीपासून हातभर लांब राहिलं. मी तिला पाणी दिलं. तिच्या डोक्यावरचं हेल्मेट मी काढून घेतलं आणि परत दिलंच नाही. "अहो काकू, माझं आहे ते," म्हणत बिचारी मागं आली. मी तशीच तडक दुकानात गेले.

दादा चाक फिरवून त्याची डुग, म्हणजे डुलणं, काढत बसला होता. मी विचारलं, "दादा, पुढचा ब्रेक एकदम जाम झाला तर काय होतं?"

"माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो."

"आणि सावकाश दाबला तर?"

"तर थांबतो. हे काय विचारतेस?"

"तो थर्माकोल म्हणजे डोक्याचा ब्रेक होता. तू तो जाम केलास."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग त्यानं फिरतं चाक हातानं थांबवलं. माझ्या हातातलं निळं हेल्मेट घेतलं, ऐरणीवर ठेवलं आणि हातोडा मारला. हातोडा उडाला, हेल्मेट तसंच. भाषणं द्यायचा तेव्हा दुकानात विकायला आणून टांगलेलं नवं हेल्मेट त्यानं काढलं आणि तेवढ्याच जोरानं मारला. करकरून आत गेलं. ते हातात घेऊन तो खळग्यावरून बोट फिरवत राहिला. मेकॅनिक माणूस, त्याला मी आणखी काही समजावायची गरज नव्हती. "असं आत जायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

तीन दिवस दुकान बंद ठेवून तो घरोघर फिरला. बऱ्याच जणांनी मुकाट्यानं काढून दिलं. एकजण देईना, म्हणाला, काका, तुमच्या हातचं असलं काम पुन्हा मिळायचं नाही. त्याला दादानं दारात, चार माणसांदेखत, माझ्या नवऱ्याचं काय केलं ते सांगितलं. तेव्हा कुठं त्यानं दिलं. एक हेल्मेट कुणीतरी परगावी भाच्याला पाठवून दिलंय. ते अजून मिळालं नाही.

चौथ्या दिवशी तो ह्यांना सांगायला आला. मी म्हटलं, नको, ह्यांच्या लक्षात राहणार आहे का? त्यानं ऐकलं नाही. ह्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि गोंद, पत्रा, सगळं सांगितलं. ह्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. आयुष्यात कुणाला चढ्या आवाजात न बोललेला माणूस, आणि दादाला कायम अहो-जाहो करणारा. म्हणाले, "माझं काम तुझ्यामुळे गेलं? ऊठ. ह्या घरात पाऊल ठेवू नकोस."

दादा उठून गेला. मी अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतके दिवस जे माझ्या घशाशी आलं होतं ते ह्यांनी बोलून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गणवेश घालून दारात बसले आणि मला हाक मारली. दादा आले नाहीत का आज? बरं नाही का त्यांना? जा, बोलावून आण. मी आधी टाळलं. दहा वेळा विचारल्यावर गेले आणि आणलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. ह्यांचा चेहरा नुसता फुलला.

"या, दादा, या. तुम्ही नीट केलेलं हेल्मेट ऑफिसात सगळ्यांना दाखवलं मी. सगळे तुमचं नाव काढत होते."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं, हात जोडले. तो आत आला, काल बसला होता तिथंच जमिनीवर बसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्हाला एक सांगायचंय."