ऐन पावसातलं कोरडं लाकूड

लाकडाची वखार चालवली की एक गोष्ट कळते. चांगलं लाकूड विकलं जातं आणि ढलप्या आपल्याकडेच उरतात. रोज झाडा, रोज तेवढ्याच! किस्स्यांचंही तसंच आहे. माझी कुंभकोणातली वखार कधीच बंद झाली, घराघरांत गॅस आला, पण ह्या ढलप्या काही संपत नाहीत. बसा जरा, चार उचलून दाखवतो.

स्वातंत्र्यानंतरची चार-सहा वर्षं झाली होती. मी एका वकिलाकडे गुमास्ता होतो. डोक्यावर पंखा, समोर टेबल, सगळं व्यवस्थित. ते सोडलं आणि थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे अक्काबरोबर, वखार काढली. अक्का विधवा, घरात बसून वैतागलेली, आणि लाकडातलं तिला माझ्याहून जास्त कळायचं. नातलगांनी नावं ठेवली ती ठेवलीच. पण खरा घाव घातला सासऱ्यांनी. मामंजी पापनाशम्ला राहायचे, रिटायर्ड हेडमास्तर. बायको रुक्मिणी सणाला माहेरी गेली होती, तिला त्यांनी ठेवूनच घेतलं!

मला म्हणाले, "मी पोरगी गुमास्त्यास दिली, विरगुवाल्यास नव्हे. ऐप्पशीचा पाऊस काढून दाखवा. वखार उभी राहिली तर पाठवतों."

विरगु म्हणजे सरपण. आणि ऐप्पशी म्हणजे दिवाळीच्या सुमाराचा महिना, आमच्याकडचा खरा पाऊस तेव्हाच. त्या पावसात भल्याभल्यांचं सरपण भिजून जातं. म्हणजे मला सहा महिने काढायचे होते, तेही रुक्मिणीशिवाय!

* * *

पहिल्याच दिवशी मला हुरूप आला. लाकूड फोडायला मुनियन नावाचा माणूस ठेवला होता, काळा, काटक, कमी बोलणारा. त्याला म्हटलं, "हो बाजूला, मी दाखवतो."

चिंचेचा ओंडका आडवा पडला होता. मी कुऱ्हाड उचलली आणि जीव खाऊन घातली. कुऱ्हाड रुतली ती रुतलीच. मी ओढली, पाय लावून ओढली, ओंडक्यासकट फिरलो. अक्का तोंडाला पदर लावून बसली होती.

मुनियन आला. ओंडका सगळ्या बाजूंनी बघितला, एका बारीक भेगेवर बोट ठेवलं, तिथे पाचर लावली आणि एक घाव घातला. दोन तुकडे!

मग तमिळमधून मला म्हणाला, "सामी, तुम्ही कचेरीत होता ना? मग न वाचता सही कशी केलीत?"

त्या दिवसापासून मी कुऱ्हाडीला हात लावला नाही.

* * *

आमच्या धंद्यात एक रीत होती. लग्नाचं लाकूड घेताना माणूस तासभर घासाघीस करतो. स्मशानाच्या लाकडाला मात्र कोणी भाव करत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक बोललं नाही की आम्ही ओळखायचो, आवाज खाली आणायचो आणि गाडी लगेच जोडायचो.

एकदा आडुतुरैचे एक मोठे शेतकरी आले. पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेली, चेहरा ओढलेला. म्हणाले, "दोन गाड्या. चांगलं लाकूड द्या." भाव विचारला नाही! दोन गाड्या म्हणजे माणूसही मोठाच असणार.

अक्काचे डोळे भरून आले. म्हणाली, "फार दिवस आजारी होते का हो?"

"कोण?"

"जे... गेले ते."

ते गृहस्थ आमच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अम्मा, माझ्या मुलीचं लग्न आहे. चार दिवस दागिन्यांचा भाव करून घसा बसलाय, म्हणून बोललो नाही!"

अक्का आत पळाली ती ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. माणूस मनाचा मोठा. लग्नाचं आमंत्रण धाडलं, आणि अक्काला मुद्दाम पहिल्या पंगतीत बसवलं.

* * *

गाडीला बैल घेतला तो तिरुनागेश्वरम्च्या एका तेलवाल्याचा. गुणी, तगडा, स्वस्त. स्वस्त का, ते पहिल्या फेरीला कळलं.

तेलवाला दारोदार तेल विकायचा. बैलाला तीच सवय! अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या आळीत, शिरला की प्रत्येक दारापुढे उभा. हाक मारा, शेपूट पिरगाळा, बाई बाहेर आल्याशिवाय हलायचा नाही. बाई बाहेर यायची, म्हणायची, "आम्ही सरपण मागवलं नाही." मी म्हणायचो, "मामी, चूक बैलाची आहे." बारा घरी माफी मागितली. घरी येऊन अक्काला म्हटलं, हा बैल विकून टाकू.

दुसऱ्या दिवशी त्याच अग्रहारातून सात घरांचा निरोप आला. गाडीतलं लाकूड बघितलं, बरं दिसतंय, एकेक मोळी पाठवा!

अक्का बैलाच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "तूं घरी बैस. सेल्समन मिळाला."

* * *

त्या सात घरांत एक मामी होती, सोवळ्याची फार कडक. आठ दिवसांनी तिचा निरोप, "तुमचं लाकूड ओलं आहे. धुरानं आंधळी व्हायची वेळ आली."

 अशी एक तक्रार नदीच्या घाटावर पोचली की संपलं! अक्का तडक गेली, मी मागोमाग. बघतो तर मामी चुलीपाशी बसून एकेक ढलपी उचलतेय, कलशातलं पाणी तिच्यावर शिंपडतेय, आणि मग चुलीत घालतेय.

अक्कानं विचारलं, "हें काय हो?"

मामी म्हणाली, "कोणी कोणी हात लावलेला असतो. शुद्ध नको का करायला?"

मी बोलायला तोंड उघडलं, अक्कानं मला कोपर मारलं. अगदी गोड आवाजात म्हणाली, "मामी, पाणी विहिरीचं, विहीर माणसांनी खणलेली. त्यापेक्षा लाकूड अंगणात उन्हांत ठेवा. सूर्यनारायणापेक्षा सोवळं कोण आहे?"

मामीला ते पटलं. पुढे ती सगळ्या अग्रहाराला सांगायची, "विरगु घ्यावं तर त्यांच्याकडचं. त्यांना शास्त्र कळतं!"

* * *

मधेच रुक्मिणीचं कार्ड यायचं. मामंजी आधी वाचणार हे तिला ठाऊक, त्यामुळे मजकूर दोन ओळींचा. एकदा लिहिलं होतं, "इथे क्षेम. इथलं सरपण फार धुरकट आहे, सारखं डोळ्यांस पाणी येतें."

मी ते कार्ड खिशात घालून दिवसभर हिंडलो. मला फार आठवण येत होती तिची, खोटं कशाला सांगू!

पुढच्या आठवड्यात दुसरं कार्ड. "आप्पांनी मागचं कार्ड वाचून लगेच नवीन सरपण आणवलें. तरी डोळ्यांचें तसेंच आहे."

* * *

आणि मग ऐप्पशी आली. शेडवर नारळीच्या झावळ्यांचं छप्पर होतं. पहिल्याच वादळात ते उडालं आणि शेजारच्या विहिरीवर जाऊन बसलं. लाकूड उघडं, आभाळ काळं! सहा महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत भिजणार होती, आणि त्याबरोबर रुक्मिणीचं परतणंही.

अक्का म्हणाली, "घरांत घ्या अस्कें!"

अस्कें म्हणजे सगळं. आणि सगळं म्हणजे सगळंच! माजघरात लाकूड, स्वयंपाकघरात लाकूड, झोपाळ्यावर लाकूड. देवांपुढे तेवढी अक्काला बसायला जागा ठेवली. पाच दिवस पाऊस कोसळला. आम्ही उभ्यानं जेवलो.

सहाव्या दिवशी ऊन पडलं. मी एकेक ओळ तपासली. एक ढलपी ओली नव्हती! हात जोडून मी तिथेच खाली बसलो, इतकं हायसं वाटलं. कुंभकोणातल्या बाकी वखारींत पाणी शिरलं होतं.

मुनियन दारातून डोकावून म्हणाला, "सामी, लाकडाला घर मिळालं. आता तुमच्यासाठी शेड बांधू का?"

* * *

त्यानंतर तीनच दिवसांनी, पुन्हा लागलेल्या पावसात, सकाळच्या गाडीनं माझा मेहुणा राघू आला. छत्री गळतेय, चेहरा उतरलेला. छत्री मिटून दारातच उभा राहिला. शेवटी म्हणाला, "भावोजी, आप्पांचा ताप उतरत नाही. वैद्यानं हात टेकले. पापनाशम्त एक कोरडी काटकी नाही. ऐनवेळी धावाधाव नको, म्हणून..."

 पुढचं मला समजलं. चिंचेचं उत्तम लाकूड निवडून मी स्वतः गाडी भरली, वर ताडपत्री बांधली. अक्का एवढंच म्हणाली, "ह्या कामाला निघालेलं लाकूड वखारीत परत येत नाही, आणि चुलीतही जात नाही. नीट जा."

पापनाशम्पर्यंत अर्धा दिवस लागला. वाटभर मला एकच वाटत होतं. मला त्यांना वखार दाखवायची होती, अगदी नाकावर टिच्चून दाखवायची होती. पण अशी नव्हे हो! अशी कोणाला दाखवायची असते?

गाडी दारात उभी राहिली. आणि बघतो तर ओट्यावर, कांबळं पांघरून, खांबाला टेकून मामंजी बसलेले! राघू निघाल्यावर थोड्याच वेळात ताप उतरला होता. राघूच्या हातातली छत्री खाली पडली. मला तर रडूच कोसळलं, लपवलं नाही मी.

मामंजींनी गाडीकडे पाहिलं. "हें कोणासाठी?"

राघू छत्री उचलायला वाकला. दारात रुक्मिणी उभी, तिनं पदर डोळ्यांना लावला.

हेडमास्तरच ते, त्यांना उत्तर सांगावं लागलं नाही. हळूहळू उठले, राघूचा खांदा धरून गाडीपाशी आले, ताडपत्री उचलली. एक ढलपी काढून साल नखानं सोलली. साल कुरकुरत सुटली.

"ऐप्पशीत?" त्यांनी मला विचारलं.

"ऐप्पशीत," मी म्हटलं.

त्यांनी ढलपी रुक्मिणीकडे धरली. "काफी ठेव. आठ दिवस ह्या घरांत धड उकळलेली काफी नाही."

राघू घाबरला. "आप्पा, तसलें लाकूड चुलींत घालत नाहींत!"

"तसलें म्हणजे? कोणाचें? नांव सांग!"

 रुक्मिणी ढलप्या घेऊन आत गेली. आम्ही सगळे ओट्यावर बसून राहिलो. 

कॉफी आली. मामंजींनी वाटीत ओतून गार केली, एक घोट घेतला, दुसरा घेतला. म्हणाले, "लवकर झाली."

मग राघूकडे वळून म्हणाले, "विरगु उतरवून घे. आणि गाडी रिकामी धाडूं नको. रुक्मिणीची ट्रंक आण बाहेर!"