झुंबरबाईंच्या बरणीतला खार

पितांबरला कुणी कामाचं विचारलं की तो म्हणायचा, मी तेजाब परत आणतो. झारखंडातल्या युरेनियमच्या कारखान्यात खाणीतल्या दगडाची भुकटी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, भिजवतात. त्यात उतरलेलं युरेनियम राळेच्या बारीक मण्यांवर धरतात. मागे उरलेलं तेजाब तपासायचं, कमी पडलं तर थोडं नवं घालायचं आणि पुन्हा नव्या भुकटीवर सोडायचं, हा याचा धंदा. थेंब वाया गेला तरी गड्याचा जीव तळमळे.

यंदा तो पिंपळनेरला आला तो आईला न्यायलाच. वडील गेल्यापासून झुंबरबाई एकट्या, आणि तिकडे याला घास गोड लागेना. पण बाई कसल्या ऐकतात! तेजाबाच्या गावात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी ठणकावलं.

तरी हा हट्टाचा. आई बाजारात गेली तशी त्यानं तिचं सामान बांधायला काढलं. एका बरणीत लोणच्याच्या फोडी संपून नुसता खार उरला होता. तो त्यानं मोरीत ओतला आणि बरणी घासून पालथी घातली. अरे शहाण्या, त्याच खारात दरवर्षी हिरव्या मिरच्या पडायच्या, त्याच खाऊन तू वाढलास ना!

झुंबरबाई आल्या, पालथी बरणी पाहिली आणि ती उचलून आत हुंगून बघितली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

"माय, मनं चुकनं," तो म्हणाला. "तठे कारखानामा मी हाईच करस. युरेनियम काढी लेतस नि तेजाब परत वापरतस. आनि आठे घरमा तुना खार फेकी दिना."

बाईंनी बरणी खाली ठेवली. म्हणजे पोरगा एवढ्या लांब जाऊन लोणच्याचाच खार राखतो, असं म्हणून त्या हसू लागल्या.

शेजारच्या गुंताबाईंनी भिंतीआडून सगळं ऐकलंच होतं. त्या वाटीभर खार घेऊन आल्या. पोरांच्या भाकरीपुरता म्हणून झुंबरबाईंनीच तो मागे त्यांना दिला होता. झुंबरबाईंनी तो बरणीत ओतला, वरून लिंबू पिळलं, मीठ घातलं आणि तोंडाला फडकं बांधलं.

मग स्वतःचं गाठोडं काखेत मारलं आणि बरणी पितांबरच्या हातात दिली.

"धर, सांडू नको," त्या म्हणाल्या. "तठे हिरव्या मिरच्या भेटतस ना?"