चेकरचा अंगठा

धोंडीराम चेकरचा मला राग आहे, आणि तो मी सव्वीस वर्षं जपून ठेवलाय. लोक आईचे दागिने जपतात. आमच्याकडे दागिने नव्हते, म्हणून मी हा राग जपला.

माझी आई भागुबाई सिन्नरला विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायची आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायची. पानं कातरायला मी असायचे. संध्याकाळी सगळा माल सुपात घालून कारखान्यात न्यायचा आणि चेकरपुढे रांगेत उभं राहायचं. चेकर म्हणजे हा धोंडीराम. तो कट्टा उचलायचा, नाकाशी धरायचा, अंगठ्यानं दाबून बघायचा आणि पसंत न पडलेली विडी मधोमध मोडून खांद्यावरून मागं फेकायचा. अशा विडीला छाट म्हणत, आणि छाटीची मजुरी मिळत नसे. मोडायची कशाला, तर बाईनं तीच उद्या पुन्हा आणू नये. रोज अमुक इतकी छाट निघालीच पाहिजे असा मालकाचा हुकूम होता, हे रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. म्हणजे चांगली विडीही मोडली जायची.

मी नऊ वर्षांची असताना आई एकदाच बोलली. "ह्यात काय खोट हाय, दाखवा तरी." धोंडीरामनं दाखवली नाही. त्यानं तिचा अख्खा कट्टा, एकेक विडी करून, तिच्या तोंडासमोर मोडला आणि मागच्या बाईला पुढं बोलावलं. आईनं सूप काखेत मारलं आणि मला हाताला धरून घरी आणलं.

आता मी गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षाच्या मळ्यातल्या एका रिसॉर्टवर सुपरवायझर आहे. आमच्या मालकांना, ज्ञानेश सरांना, दोन वर्षांपूर्वी सिगारचं वेड लागलं. तेव्हापासून दर शनिवारी गच्चीवर कार्यक्रम असतो : कोणत्या सिगारबरोबर कोणती दारू शोभते, ते पाहुण्यांना समजावून द्यायचं. मुंबईची मंडळी येतात. त्यांना श्रावण काय नि भाद्रपद काय, सगळे महिने सारखेच. ग्लास गोल गोल फिरवायचा, सोट्यासारखी सिगार तोंडात धरायची आणि फोटो काढायचा. आम्ही जे वळलं ते व्यसन आणि हे ओढतात तो शौक.

कार्यक्रम करणारा पुण्याचा माणूस सोडून गेला, तेव्हा आमचा ड्रायव्हर गोटीराम सरांना म्हणाला, "आमच्या सिन्नरात एक म्हातारा हाय. तंबाखूचा नुसता वास घिऊन कुळी सांगतो." पुढच्या सोमवारी धोंडीराम माझ्या टेबलापुढे उभा. सत्तरी ओलांडलेली, पांढरा इस्त्रीचा सदरा, अंगठ्याचं नख अजून पिवळं. मी पाहताक्षणी ओळखलं. त्यानं ओळखलेलं दिसलं नाही. "म्याडम, सही कुठं करू?" म्हणाला. मुलाची अंबडच्या कारखान्यातली नोकरी गेली होती आणि घर आता ह्याच्यावर होतं, हे गोटीरामनं सांगितलं. मला दया आली नाही. उलट वाटलं, बरं झालं, आता माझ्या हाताखाली आलास.

कबूल करायला जिवावर येतं, पण म्हातारा कामाचा निघाला. सिगार बोटांत फिरवायचा, हुंगायचा, मग ग्लास हुंगायचा आणि निकाल द्यायचा. "ही जड हाय. हिला जुनी रम द्या. पांढरी वाइन दिली तर तोंड कडूजहर पडंल." "ही हलकी हाय, हिला कॉफी चालंल, न्हाईतर पाणी घातलेली व्हिस्की." "हिच्या धुराला गोडसर झाक हाय, हिला पोर्ट वाइन." जोडी जमली की म्हणायचा, "झाली सोयरीक." एका पाहुण्यानं विचारलं, हे शिकलात कुठं? तर म्हणाला, "शिकायचं काय त्यात? भाकरीसंगं ठेचा, पुरणपोळीसंगं दूध. उलटं करून बघा की." सगळे खो खो हसले. सरांनी त्याचा फोटो मोठा करून जिन्यात लावला, खाली लिहिलं 'धोंडीराम काका'. रोज त्या फोटोवरून जाताना माझं डोकं फिरायचं. माझ्या आईचा फोटो कुणी कुठं लावला होता?

ऑगस्टात महिनाभर झड लागली होती. भिंतींना ओल आली होती, पापडसुद्धा वातड होत होते. सरांनी कुणा मित्राकडून सिगारची एक भारी पेटी मागवली होती आणि त्या शनिवारी पहिल्यांदाच उघडली. एका जाडजूड पाहुण्यानं त्यातली एक उचलली आणि धोंडीरामकडे दिली. "काका, हिच्याबरोबर पोर्ट घेऊ ना?"

धोंडीरामनं ती नाकाशी धरली, अंगठ्यानं दाबली, मधोमध मोडली आणि खांद्यावरून मागं फेकली.

 पाहुणा ओरडायला लागला. ही काय पद्धत आहे, माझ्या हातातली वस्तू मोडतो म्हणजे काय? सरांचा चेहरा लालबुंद. धोंडीराम स्वतःच्या हाताकडे बघत होता, जणू त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. मग म्हणाला, "चुकलं साहेब. हाताला सवय हाय. पण आतून बुरशी हाय हिला. कुठलीबी दारू द्या, हिची सोयरीक जमायची न्हाई."

"पंधरा दिवस झाले नाहीत पेटी येऊन! म्हणे बुरशी!" सर कडाडले.

"मग म्याडमना इचारा," धोंडीराम म्हणाला. "भागुबाईची पोरगी हाय ती. आईसारखा हात अख्ख्या सिन्नरात नव्हता. हिला वासावरनं कळंल."

म्हणजे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आणि आईचा हात कसा होता, तेही त्याला तिच्या विड्या मोडायचा तेव्हापासून ठाऊक होतं.

मी खाली पडलेला तुकडा उचलला आणि हुंगला. ओल्या गोणपाटाचा वास आला. पावसाळ्यात आमच्या घरी पानांचा गठ्ठा सडला की अस्साच वास यायचा. शंकेला जागाच नव्हती.

"चांगली आहे, सर," मी म्हणाले. "काही खोट नाही."

धोंडीरामनं माझ्याकडे पाहिलं. वाद घातला नाही. तपासणाऱ्यानं एकदा सांगितलं की पुढं बोलायचं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यानं ॲप्रन सोडला, घडी करून टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेला. सरांनी पाहुण्याला त्याच पेटीतली दुसरी सिगार दिली. पोर्ट मी स्वतः ओतली. दोन झुरके घेऊन पाहुणा म्हणाला, "वा!"

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी चपला काढायच्या आधी सांगायला सुरुवात केली. त्याचा चेहरा कसा उतरला, कसा गपगुमान गेला, सगळं. मला हसू आवरत नव्हतं.

आईनं विचारलं, "अन् खरंच चांगली व्हती का ती?"

"छे! चांगली कसली. बुरशी होती."

तिचा हात थांबला. "तोबी माझ्या चांगल्या विड्या मोडून घरी जायचा. बायकोला आसंच हसत सांगत आसंल का गं?"

"तू त्याच्या बाजूनं बोलू नकोस," मी ओरडले.

"त्याच्या बाजूनं कशाला बोलू? मेला, लय तरास दिला त्यानं," आई म्हणाली, आणि जुडी उचलून आत गेली. त्या दिवशी तिनं मला जेवायला हाक मारली नाही.

मला अजूनही त्याचा राग आहे. तो गेला ह्याचं वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच, की सरांनी शनिवारचं काम आता माझ्याकडे दिलंय. ती पेटी मला फेकता येत नाही. फेकली तर का फेकली ते सांगावं लागेल. तिच्यात अजून अकरा सिगार आहेत. दर शनिवारी त्यातली एक मी पाहुण्यांसमोर नाकाशी धरते आणि उत्तम आहे म्हणून सांगते.