मामाजी आता चढावर उभे राहतात

आर्णीजवळच्या फाट्यावर मी माझ्या सासऱ्यांना हात हलवून पुढे निघून गेलो, ही गोष्ट खरी आहे.

फक्त हात मी हलवला नव्हता. तो कापत होता!

इतके दिवस गप्प राहिलो. आता सांगूनच टाकतो. मला गाडीचे गिअर चढवता येतात, उतरवता येत नाहीत. क्लासवाल्याने शिकवलं होतं, आधी ब्रेकने वेग कमी करा, मग खालचा गिअर टाका, मग क्लच हळूच सोडा. भीतीने मी हे सगळं उलटं करतो. (मी मुळात कमी बोलतो. त्यामुळे सासुरवाडीत मला पट्टीचा ड्रायव्हर समजतात.)

त्या दिवशी महागावला मेहुणीच्या मुलीचं साक्षगंध (साखरपुडा) होतं. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, फाट्यावरून घ्यायचं होतं. ते दुरूनच दिसले. कडक इस्त्रीचं धोतर, हातात पेढ्यांचा डबा.

"अवो, बाबा उभे हायेत! हळू करा ना!" बायको म्हणाली.

"करूनच राह्यलो!"

चौथ्यातून थेट दुसरा टाकला आणि क्लच सोडून दिला. इंजिन असं किंचाळलं, की रस्त्याकडेची बकरी तुरीत घुसली! घाबरून मी दोन्ही पाय क्लचवर दाबले. गाडी मोकाट! ब्रेक नावाची वस्तू असते, हेच आठवेना. गिअरवरचा हात वर उडाला, हवेत थरथरला, आणि नेमके तेव्हाच मामाजी खिडकीबाहेरून मागे गेले. बिचाऱ्यांनीही हात हलवला!

"थांबवा!"

"कुठं?"

"इथं!"

'इथं' केव्हाच मागे पडलं होतं. पुढच्या चढावर गाडी आपोआप दमली. ती उलटी घरंगळायच्या आत बायकोने हँडब्रेक ओढला.

"बाबांले काय सांगू आता?"

"ब्रेक फेल झाला म्हण."

"मंग ते बसतील काय या गाडीत?"

तेवढ्यात मामाजी ऑटोने आलेच. धोतरावर धूळ, डबा छातीशी. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "जवाईबापू, माह्याकडून काही चुकलं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही मामाजी. मले गाडी हळू करता येत नाही."

"मंग इथं कोणं थांबवली?"

"चढानं."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, हात जोडले (चढाला!) आणि मागे बसले.

तेव्हापासून ते फाट्यावर थांबतच नाहीत. आधीच चालत चढावर जाऊन उभे राहतात. माझी गाडी धापा टाकत त्यांच्यापुढे थांबली, की सोबतच्या पाहुण्यांना सांगतात, "पाहा, आमच्या जवाईबापूनं कशी अलगद थांबवली!"

मी नेहमीप्रमाणे गप्प बसतो.