निम्म्याला अकरा दिवस कमी

आमच्या सिमेंट कारखान्यात स्ट्रातोसला सगळे 'ससा' म्हणत. पंचवीस वर्षं त्याने फिरती भट्टी चालवली, आणि पंचवीस वर्षं तो घाबरतच होता. साठ मीटर लांबीची पोलादी नळी, आत चौदाशे अंशांची आग. काचेतून ज्वाळा बघण्याआधी तो क्रूसाची खूण करायचा. जेवताना भट्टीचा आवाज जरा बदलला की ताटावरून उठायचा. मी प्रयोगशाळेत, भट्टीतून निघालेले खडे तपासणारी. दळले की त्याच खड्यांचं सिमेंट होतं. मीही त्याला चिडवायची. पण त्याच्या पाळीत खडे कधी कच्चे निघाले नाहीत, हेही सांगायला हवं.

दोन हजार बारा साली अख्ख्या ग्रीसमध्ये कुणी घर बांधत नव्हतं. सिमेंट घेणार कोण? तरी भट्टी धडधडत होती, आणि त्याचं कारण ब्रसेल्समध्ये होतं. धूर सोडायला परवाने लागत. आमच्यासारख्यांना ते फुकट मिळणार होते. विकत घ्यायला लावले, तर मालक इथे कुलूप ठोकून समुद्रापलीकडून माल आणतील, धूर तिकडे निघेल आणि माणसं इकडे देशोधडीला लागतील, ही भीती तिथल्या शहाण्यांनाही होती. अट एकच. वर्षाचं काम पूर्वीच्या निम्म्याखाली जाता कामा नये, गेलं तर अर्धे परवाने गेले. मग काय, आम्ही न खपणारे खडे भाजत बसलो. धूर कमी व्हावा म्हणून नियम, आणि नियमात बसावं म्हणून धूर! शेड भरली तेव्हा ढीग फुटबॉलच्या मैदानावर गेले. मला त्या ढिगांची चीड यायची, पण पगारही त्यांच्यामुळेच होता, म्हणून मीही गप्प होते.

चार डिसेंबरला, आगीशी काम करणाऱ्यांना सांभाळणाऱ्या संत वारवाराच्या दिवशी, मी दरवर्षीप्रमाणे गव्हाची खीर घेऊन भट्टीवर गेले. स्ट्रातोसने वाटी घेतली, पण खाल्ली नाही.

"फोतिनी, सत्तावीस दिवस राहिले. एक दिवसही बंद पडून चालणार नाही. निम्मं गाठलं नाही तर मालक भट्टीच बंद करणार म्हणे."

"मग चालव की. ठीक आहे ना ती?"

"आतल्या विटा दोन वर्षांत बदललेल्या नाहीत. पोटात गोळा येतो गं."

"तुझ्या पोटात गोळा कधी नसतो, सशा?"

तो हसला नाही.

वीस तारखेला संध्याकाळी पाचला, अंधारू लागलं तसं त्याने मला बोलावून घेतलं. आम्ही दोघं भट्टीखाली उभे राहिलो. वर नळीच्या पोटावर ताटाएवढा डाग लाल दिसत होता, विझत्या निखाऱ्यासारखा. आतली वीट गळून आग थेट पोलादाला लागत होती. त्याखालून आमची सहा माणसं ये-जा करत होती.

"पंखे लाव," व्यवस्थापक कारामानोस फोनवर म्हणाले. "अकरा दिवस काढ, मिस्त्री. मग महिनाभर झोपव तिला."

"आणि पत्रा फाटला तर, साहेब?"

"आणि कारखाना बुडाला तर? दीडशे घरं आहेत."

स्ट्रातोसने माणसांना हटवलं, पंखे लावले. अर्धा तास आम्ही वर बघत राहिलो. डाग परातीएवढा झाला. "पानागिया माऊली, माफ कर," तो पुटपुटला, आणि त्याने आग बंद केली.

थंड झाल्यावर पोलाद काळं पडलं. त्या जुन्या पत्र्यावर तसे डाग आधीच दहा होते, त्यांतला आजचा कोणता ते सांगता येईना. भट्टी उघडून विटा बघायचा खर्च मालकांनी केलाच नाही. निम्मं गाठायला अकरा दिवस कमी पडले, भट्टी पुन्हा पेटली नाही, आणि जानेवारीत चौकशी झाली. बाहेरचा माल दळायला चाळीस जणांना ठेवणार, अशी कुणकुण होती, आणि त्यात प्रयोगशाळेतली जागा एकच होती.

"तू तिथे होतीस," कारामानोस मला म्हणाले. "लाल झालं होतं का?"

स्ट्रातोस समोरच बसला होता.

"अंधार होता," मी म्हणाले. "नीट दिसलं नाही."

त्याला त्याच दिवशी काढलं. सशाने भट्टी मारली, असं गावभर झालं. कॉफीच्या दुकानात त्याच्या टेबलावर कुणी बसेना. मार्चमध्ये पलीकडच्या किनाऱ्यावरून खड्यांचं पहिलं जहाज आलं. ते मीच तपासले. चांगले होते.

तीन महिने मी वाट वाकडी करून जात होते. शेवटी एका रविवारी त्याच्या टेबलाशी जाऊन बसले. आजूबाजूला भट्टीवरचेच लोक होते.

"लाल होतं, स्ट्रातोस," मी हळूच म्हणाले. "मी पाहिलं होतं."

"माहीत आहे. माझ्या शेजारीच तर होतीस."

"मग तेव्हा मला खोटं का पाडलं नाहीस?"

"लाल होतं, हे मी सांगितलं होतं. माझं कोण ऐकणार?" त्याने मान वळवून दुकानात नजर फिरवली. "यांना सांगतेस का? आत्ता?"

मी त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांतल्या एकाचीही नोकरी राहिली नव्हती. माझी होती.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर तो चार वर्षं जगला, आणि मला त्याने पुन्हा एकदाही विचारलं नाही.