परत केलेल्या मुलाखती

माझ्या वयाच्या बायका देवपूजा वाढवतात, मी विद्यार्थ्यांचे संशोधन-अहवाल तपासते. इथे आखातात, अल नहदातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. सून म्हणते, "आई, वाढायच्या आत तुमची युनिव्हर्सिटी आवरा."

यंदा एक अहवाल आला ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी बायकांच्या संस्थेवर. शाळेआधी मुलांना न्याहारी, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला गाडी, अशी कामं. लिहिणारी इथल्याच अल कुसैसची मुलगी, तिथे दोन महिने राहून आलेली. तीन प्रकरणं ठीक. चौथं, संस्थेतल्या भांडणांवरचं, एका ओळीत संपलेलं: 'मसुदा वाचून दाखवल्यावर बायकांनी या मुलाखती परत मागितल्या, मी त्या परत केल्या.'

मी खो खो हसले. काय पण सबब! अडतीस मार्क टाकले. पास व्हायला चाळीस लागतात, म्हणजे पोरीचं वर्ष गेलं.

चहा ठेवायला उठले आणि जव्हारकडचा एक पाडा आठवला. मी तेव्हा चोवीस वर्षांची. इस्त्रीची सुती साडी, गळ्यात मंगळसूत्रासारखा मिरवलेला टेपरेकॉर्डर, आणि समाज समजून घ्यायला आपण आलो म्हणून समाजावर उपकार झाल्याचा चेहरा. पाड्यावरच्या बायकांनी धान्य साठवायचं मंडळ काढलं होतं. त्यांच्यात कोण कोणाशी बोलत नाही, कोणी पायली लपवली, सगळं मी टिपलं. नाचणीच्या भाकरी त्यांच्याच खाल्ल्या.

निघताना त्यांची म्होरकी म्हणाली, "बाय, काय लिवलंस त्या एकदा वाचून दाखव."

"हो हो, पुढच्या खेपेला!"

ती खेप अजून व्हायची आहे. प्रबंधात मात्र त्यांची भांडणं नावानिशी छापली. पहिला वर्ग मिळाला. पेढे वाटले मी, बावळट!

गॅसवर चहा उतू गेला. अडतीस खोडून मी एकसष्ट केले. जास्त नाही, संदर्भसूची भयंकर होती.

मार्क ऑनलाइन पाठवले, तर लगेच विभागप्रमुखांचा फोन. माझ्या मुलाहून लहान आहे तो. "मॅडम, चौथ्या प्रकरणात डेटाच नाही. मार्क कशाचे?"

"वाचून दाखवून परत केल्याचे."

"तसा कॉलम नाही हो फॉर्ममध्ये. लेखी कारण द्या, नाहीतर फेल करावं लागेल."

म्हणून शेऱ्याच्या चौकटीत मी पाड्याची सगळी हकीकत लिहिली. भाकरी, म्होरकी, पेढे, सगळं. खाली लिहिलं: 'जे मी चोविसाव्या वर्षी केलं नाही ते या मुलीने केलं. मला पहिला वर्ग मिळाला, हिला पास तरी करा.'

नात पाठीमागून वाचत होती. "आजी, यू वर सो मीन!"

"होतेच. चहा पुस आता."

संध्याकाळी परत फोन. "मॅडम, मार्क मंजूर. पण हे खरंच फाइलमध्ये ठेवायचं? तुमचं नाव आहे खाली."

"त्या पाड्यावरच्या बायकांचीही होती," मी म्हटलं. "ठेव."